वाडा विकावा, पण अख्खा

खानदेशात अमक्याचा वाडा विकला गेला असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा वाडा विकला गेलेलाच नसतो. आधी त्याचे सागवान विकले जाते, मग विटा आणि घडीव दगड जातात, भिंतींची पांढरी माती ट्रॅक्टरने वाहून नेली जाते आणि शेवटी जागेचा सौदा होतो. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात तीनशे वर्षांचे, नीट दुरुस्त केलेले घर विक्रीला निघते तेव्हा ते कोणत्या शतकातले, त्याची वारसा-श्रेणी कोणती, छपराचे काम कधी झाले, हे सारे जाहिरातीत किमतीचा भाग म्हणून छापतात. आपल्याकडे घराचे वय म्हणजे भाव पाडून मागायला मिळालेले निमित्त.

या प्रश्नावर आपले एक ठरलेले मत आहे. वाडवडिलांचे घर विकू नये, विकणारा घराण्याला बट्टा लावतो. आणि अगदीच झेपत नसेल तर सरकारने ते ताब्यात घेऊन स्मारक करावे. या मतात माया आहे, म्हणून ते खोल वाटते. मला ते उथळ वाटते आणि घातकही वाटते. माझे म्हणणे असे की धुळे-जळगावकडचे वाडे विकल्यामुळे गेले नाहीत. ते अख्खे विकता आले नाहीत म्हणून गेले. दुरुस्त झालेला, कागदपत्रे स्वच्छ असलेला, अटींसह विकता येणारा वाडा हीच वाडा टिकण्याची सर्वांत खात्रीची वाट आहे, आणि ती वाट आपण कायद्याने, बँकेच्या नियमांनी आणि लोकलाजेने बंद करून ठेवली आहे.

१. घर मरते ते खोळंब्याने

आधी हे घर जगते कसे ते पाहू. तापी-पांझरेकाठच्या गावांतले जुने घर धाब्याचे. दगडी जोत्यावर लाकडी खांबांचा सांगाडा, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या, त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि वर जाड मातीचे धाबे. भिंती रुंद, आत माती किंवा कच्ची वीट, बाहेरून बऱ्याचदा भाजलेली. मे महिन्याच्या उन्हात अशा घराच्या माजघरात जो थारा मिळतो तो स्लॅबच्या घरात पंखा लावूनही मिळत नाही.

पण या घराची एक मागणी असते. दरवर्षी मृगाच्या आत धाब्यावर खारी माती पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. एवढे केले की सागवान पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. ते चुकले की पाणी धाब्यातून खाली उतरते आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते. तिथे हवा लागत नाही आणि डोळ्यांना काही दिसतही नाही. मधली तुळई ठणठणीत असते. टोक मात्र वाळवीने पोखरलेले असते. कोणीतरी सिमेंटचा गिलावा करून घेतो, आणि आत शिरलेली ओल बाहेर पडायची वाटही बुजते. मग एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते.

म्हणजे या घराला दरसाल माणूस हवा. माणूस कुठे आहे? एक भाऊ सुरतेला उधन्यात, दुसरा पुण्यात, बहीण नाशिकला, चुलत्याची नातवंडे त्याहूनही लांब. वाडा सगळ्यांचा, म्हणून खारीचा खर्च कोणाचाच नाही. कुलूप सगळ्यांनी मिळून लावलेले असते आणि ते उघडायला सगळ्यांच्या सह्या लागतात. ‘विकायचा नाही’ हा ठराव अशा घरात फार उदात्त वाटतो. त्याचा प्रत्यक्ष अर्थ मात्र धाबे गळत राहणार एवढाच.

आणि या ठरावाची किंमत आजवर कोणी मोजली? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होते. वडिलांच्या घरात मुलीचा वाटा होता, पण कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी मागायचा हक्क तिला नव्हता. पुरुष वारसांनी वाटणी करायचे मनावर घेतले तरच तिच्या हातात काही पडणार. घर मोडू नये या भावनेचे ते कायद्यातले रूप होते. ते कलम २००५च्या दुरुस्तीने गेले. जवळपास पन्नास वर्षे ‘वाडा अभंग राहावा’ याचा भार कायद्याने बहिणींच्या वाट्यावर टाकला होता, हे वाडाप्रेमी लिखाणात मला कुठे वाचायला मिळत नाही. ज्या घराचे अखंडपण एका वारसाचा हक्क दाबून टिकवावे लागते त्याच्या अखंडपणाबद्दल गहिवरण्याआधी थोडे थांबावे.

त्याच कायद्याचे कलम २२ मात्र उपयोगाचे आहे. एका वारसाला आपला वाटा काढायचा असेल तर तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांना आहे. भावाबहिणींपैकी ज्याला खरोखर राहायचे आहे, त्याने बाकीच्यांना रास्त पैसे देऊन घर एका नावावर करावे, ही विक्रीच आहे आणि ती सर्वांत चांगली विक्री आहे. आपल्याकडे हक्कसोड लिहून घेताना बहिणीला साडीचोळीवर वाटेला लावतात. तिला तिच्या वाट्याची किंमत द्या. घराला एक धनी मिळेल आणि धाब्याला खारी मिळेल.

२. बाजाराला लाकूड दिसते, घर दिसत नाही

वाडा उतरवताना जवळून पाहिला तर त्याच्या बांधणीचे मोल शेवटच्या दिवशी कळते. मोठ्या दरवाजाच्या दोन फळ्या आणि त्यातली दिंडी सर्वांत आधी निघते, कारण तिला सर्वांत जास्त गिऱ्हाईक. मग चौकटीवरची गणेशपट्टी. मग चौकातले खांब. खांब तळखड्यावर नुसता उभा असतो. वर हस्त, हस्तावर तुळई, आणि सांधा साल-कुसूचा. खिळ्यांचे काम फार थोडे, म्हणून उकलायला सोपे. ज्या जोडकामामुळे घर उन्हापावसात आकसत-फुगतही तडकले नाही, त्याच जोडकामामुळे ते थोड्या दिवसांत सुटे होते. खांब, हस्त, कड्या अशी चवड लागते, लांबीवर आणि घनफुटावर हिशेब होतो. नक्षीचे ते ‘अँटिक’ म्हणून शहरातल्या हॉटेलात आणि फार्महाऊसवर जाते, साधे ते करवतीखाली.

हा व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा मालकाला दोष देऊन काही साधत नाही. दोघेही किमतीकडे बघून वागतात, आणि किंमत लाकडाला आहे, जागेला आहे. या दोहोंमध्ये जे घर आहे त्याला नाही. का नाही, त्याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा असतो. तो कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. बँक त्यावर सहसा कर्ज देत नाही. शहरात मिळकतपत्रिका असते, पण मूल्यांकनाच्या तक्त्यात बांधकामाचे वय वाढेल तसा घसारा वाढतो. सव्वाशे वर्षांच्या चिरेबंद जोत्याचा आणि पन्नास वर्षांच्या तडकलेल्या स्लॅबचा हिशेब एकाच नियमाने होतो. म्हणजे वाडा घेणाऱ्याला रोख पैसे हवेत, आणि एवढी रोकड जवळ असलेला माणूस जागेसाठी येतो. घरासाठी येणारा शिक्षक, डॉक्टर, वकील कर्जाविना येऊच शकत नाही.

कायदा इथे पूर्ण मुका आहे असेही नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही येते. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पण हा कायदा सुटा खांब ओळखतो. खांब उभा असतो तोवर त्या घराला या कायद्याचे काही कवच नाही. १९६०चा राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंपुरता. मधली हजारो घरे कोणत्याच यादीत नाहीत.

तुकड्यांच्या विक्रीत आणखी एक गोष्ट जाते आणि तिची खंत खानदेशाने सर्वांत जास्त करायला हवी, ती म्हणजे दप्तर. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो वाईला एका घरात सापडलेल्या कागदांच्या आधारावर. पुढे आयुष्यभर ते अशाच माळ्यांवरून, कोनाड्यांतून, बासनांतून कागद काढत फिरले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि १९२७मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात उभे राहिले. ज्या शहराने हे कागद सांभाळायची संस्था काढली, त्याच शहराच्या आसपास वाडा उतरवताना मोडी कागदांचे रुमाल रद्दीत जावेत याला काय म्हणावे? अख्खे घर विकताना निदान आत काय आहे याची यादी करावी लागते. तुकड्यांनी विकताना माळा झाडून टाकतात.

३. स्मारक किती घरांना पुरेल?

स्मारक करा, असे म्हणणाऱ्यांकडे दाखवायला चांगली उदाहरणे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. जळगावच्या जुन्या गावात चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाईंचे स्मृतिसंग्रहालय आहे. ज्या भांड्याकुंड्यांशी आणि अवजारांशी त्यांचा दिवस गेला ती तिथे पाहता येतात. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे दगडी घर आहे. दशकानुदशके ते त्या घराबाहेर क्वचितच पडले. मेजावर वस्तू मांडून जगाला भ्रम व्हावा अशी छायाचित्रे त्यांनी तिथेच काढली आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी तिथेच त्यांचा शेवट झाला. ते घर त्यांच्या संग्रहासह जपले गेले आहे.

पण ही दोन घरे टिकली ती त्यांत कोण राहिले यामुळे. ज्या घरात फक्त एक कुटुंब नांदले, जिथे कोणी कवी झाला नाही, त्याचे काय? स्मारकाच्या तर्काने ते घर जपायला कारणच उरत नाही. आणि सरकारची ताकद पाहा. लळिंगचा किल्ला, पारोळ्याचा भुईकोट, तापीच्या पाण्याने खचत गेलेला थाळनेरचा कोट, यांच्याच देखभालीला माणूस आणि पैसा पुरत नाही. गावोगावची घरे त्याच खात्याच्या गळ्यात घालणे म्हणजे कुलूप बदलणे. राहते घर माणूस राहिल्यानेच टिकते. चूल पेटते, कोणी धाब्यावर चढते, गळते तिथे लगेच हात लागतो. पगारी रखवालदार हे करत नाही, त्याच्याकडून ते मागणेही अन्यायाचे.

४. विलायतेतले घर का वाचले

इंग्रज जात्याच वारसाप्रेमी म्हणून त्यांची घरे वाचली, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. विसाव्या शतकात तिथे मोठाल्या ग्रामीण हवेल्या शेकड्यांनी पाडल्या गेल्या. वारसाकर, नोकरचाकरांची टंचाई, शेतीचे घटलेले उत्पन्न. आणि तिथेही आधी लाकडी पॅनेल, जिने, चुलाण्यांचे संगमरवर सुटे करून विकले गेले. १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावरच प्रदर्शन भरवले.

फरक पडला तो व्यवस्थेने. १९४७च्या नगररचना कायद्यापासून ऐतिहासिक इमारतींच्या याद्या तयार होऊ लागल्या. १९६८च्या कायद्याने अशा घरात पाडापाड किंवा मोठा बदल करण्याआधी परवानगी सक्तीची झाली. आज इंग्लंडच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य सर्वांत खालच्या श्रेणीच्या, आणि त्यांत साधी घरे पुष्कळ. ही घरे कितीतरी वेळा खासगी मालकीची असतात आणि मोकळेपणाने विकली-घेतली जातात. यादीत नाव असले म्हणून विक्री अडत नाही; तुकडे करणे अडते. तुकडे करून विकण्याचा पर्याय बंद झाला की घराची अख्खे म्हणून किंमत आपोआप तयार होते, कारण आता घेणाऱ्याला तेच घ्यायचे असते.

त्याहून मला मोलाची वाटते ती १९३७ची तरतूद. नॅशनल ट्रस्ट या लोकन्यासाला त्या साली असा अधिकार मिळाला की एखादा मालक आपल्या घरावर जपणुकीचे बंधन ट्रस्टच्या नावे लिहून देऊ शकतो, आणि पुढे घर कितीही हातांत गेले तरी शेजारी स्वतःची जमीन नसतानाही ट्रस्ट ते बंधन पाळून घेऊ शकतो. आपल्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ही वाट फार अरुंद आहे. विकणाऱ्याने ‘चौक बुजवू नये’ अशी अट घातली तरी शेजारच्या त्याच्या मिळकतीच्या हिताशी ती जोडलेली नसेल तर पुढच्या खरेदीदारावर ती सहसा टिकत नाही. म्हणजे घर जपले जावे अशी मनापासून इच्छा असलेल्या म्हाताऱ्या मालकाला आपल्या कायद्यात ती इच्छा लिहून ठेवायला जागाच नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात: विकू नका, नाहीतर विसरा.

५. पण हा वारसा कोणाचा?

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वाडा म्हणजे पाटीलकी, देशमुखी, सावकारी. ज्याच्या ओसरीची पायरीही गावातल्या अर्ध्या माणसांना चढता येत नव्हती, ते घर त्यांनी आपला वारसा का मानावे? खानदेशात तर हा प्रश्न जिवंत आहे. १९७०च्या दशकात शहादे-तळोदे भागात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना भिल्लांच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४चा आहे. निदान काही वाड्यांतली सागवानाची समृद्धी अशाच गहाणखतांवर उभी होती, हे मान्य करायलाच हवे.

मला वाटते हा आक्षेप माझ्या बाजूनेच बोलतो. वाडा घराण्यातच राहावा, वंशजांनीच सांभाळावा, हा आग्रह जुन्या अधिकाराचे शेपूट आहे. वाडा विक्रीला काढला की तो कुळापासून सुटतो; ज्याच्या आजोबाला दिंडीतून आत घेतले नसते तो दस्त नोंदवून त्याचा धनी होऊ शकतो. सुतार, गवंडी, लोहार, चुना मळणारे, माती वाहणाऱ्या बाया यांचे काम त्या भिंतींत आहे आणि त्यांच्या नातवंडांचा त्या घराशी संबंध घराण्याच्या नावाइतकाच जुना आहे. अर्थात हे कागदावर. प्रत्यक्षात गावठाणातले घर कोणाला विकायचे यावर भाऊबंदकी आणि जात आजही अघोषित पहारा देतात. ‘आपल्यातल्यालाच द्या’ असा निरोप येतो. ज्याला वारसा जपायचा आहे त्याने हा निरोप आधी झुगारला पाहिजे. घेणाऱ्याची जात बघून होणारी विक्री मी ज्या विक्रीबद्दल बोलतो आहे ती नव्हे.

६. बाहेरचे येतील, आणि इथे घेणार कोण

दोन आक्षेप परस्परविरोधी आहेत, पण एकाच तोंडून ऐकू येतात. एक म्हणजे पैसेवाले बाहेरून येऊन घरे बळकावतील. गोव्यात हे झाले आहे. जुनी घरे दिल्ली-मुंबईकरांनी घेऊन देखणी केली आणि तिथल्या तरुणांना आपल्याच गावात घर घेणे अवघड झाले. ही भीती खरी आहे. पण ती समुद्रकिनाऱ्याची भीती आहे. शिंदखेड्याच्या किंवा एरंडोलच्या गल्लीत सुट्टीचे घर घ्यायला रांग लागणार नाही.

दुसरा आक्षेप नेमका तोच: रांग नाही, तर घेणार कोण? राजस्थानातला नीमराणा किल्ला दोन हौशी खरेदीदारांनी १९८६ साली पडक्या अवस्थेत घेतला आणि १९९१मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले. सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची गढी आज हॉटेल म्हणून उभी आहे. ही उदाहरणे सांगितली की ऐकणारा म्हणतो, धुळ्यात कोण उतरणार? बरोबर आहे. म्हणून मी हॉटेलांची स्वप्ने दाखवत नाही. धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर इथे स्पर्धापरीक्षेच्या मुलांच्या अभ्यासिका पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. दवाखाने दुकानाच्या गाळ्यात चालतात. पतसंस्था, वकिलांची कार्यालये, पाळणाघरे, ग्रंथालये, मुलींची वसतिगृहे, सगळ्यांना गार, उंच छताची, मधे चौक असलेली जागा हवीच आहे. मुंबईत १९९५पासून वारसायादीतल्या इमारतीचा न वापरलेला चटईक्षेत्राचा हक्क दुसरीकडे विकता येतो. आमच्या गावांत ती सोय निरुपयोगी आहे, कारण इथे वरच्या मजल्यांना मागणीच नाही. आणि हेच आपले बळ आहे: जागेचा भाव कमी, त्यामुळे घर आणि जागा यांच्या किमतीतली दरी मुंबई-पुण्याइतकी भयानक नाही. इथे थोड्या मदतीने तराजू झुकतो.

७. तराजू कशाने झुकेल

पहिले म्हणजे कागद. २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकतपत्रिका देण्याचे काम चालू आहे. आजवर वाड्याला जो कर्जाचा दरवाजा बंद होता तो यातून उघडू शकतो. पण तीच पत्रिका प्लॉट विकणेही सोपे करते. म्हणून मोजणी होते तिथेच शंभर वर्षांहून जुन्या घरांची नोंद पत्रिकेवर व्हावी: बांधणीचा अंदाजे काळ, खण किती, चौक किती. नंतर वेगळी समिती नेमून ते होणार नाही.

दुसरे, अशी नोंद असलेले घर अख्खे घेऊन राहते ठेवणाऱ्याला मुद्रांक शुल्कात सूट, आणि उतरवून विकणाऱ्याला परवानगीची अट. अट असेल तर सूट हवीच; नुसते बंधन घातले की मालक घाईने घर पाडतात, हे सर्वत्र दिसलेले आहे. तिसरे, जपणुकीचे बंधन न्यासाच्या नावे लिहून देण्याची कायदेशीर सोय. चौथे, चुना. चुन्याची घाणी आणि ती चालवणारा गवंडी मिळत नसेल तर बाकी सगळे कागदी घोडे. आयटीआयमध्ये सुतारकामाच्या मुलाला साल-कुसूचा सांधा शिकवतात. त्याला जुनी तुळई न उतरवता तिचे कुजलेले टोक बदलायलाही शिकवता येईल, आणि त्या कामावर त्याचे पोट भरेल.

यातले काहीही होईपर्यंत मालकाच्या हातात एक गोष्ट आहे, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. लाकडाच्या व्यापाऱ्याला आकडा विचारायच्या आधी घराचे मोजमाप घेऊन नकाशा काढावा, फोटो काढावेत, माळ्यावरचे रुमाल राजवाडे मंडळाला दाखवावेत, आणि सहा महिने ते घर ‘घर’ म्हणून विक्रीला आहे असे उघडपणे सांगावे. भावकीत, गावात, सुरत-पुण्यातल्या गाववाल्यांत. आज जुने घर विकणारा माणूस रात्री गुपचूप सौदा करतो, कारण विकण्याची लाज वाटते. आणि गुपचूप सौदा फक्त लाकूडवाल्याशीच होऊ शकतो. चार महिन्यांनी एखादा डॉक्टर किंवा परत आलेला मुलगा विचारायला येतो तेव्हा चौकात तळखडे तेवढे उरलेले असतात.